निर्जन म्हणता ते लक्ष्मीनगर

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात आपण ग्रेट निकोबारच्या बंदर प्रकल्पावर पानभर मजकूर दिला. नकाशा होता, चौकटी होत्या, कोटींचे आकडे होते. त्यात एका ओळीत 'जवळजवळ निर्जन असलेलं हे बेट' असे शब्द आले आहेत. ते वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली. त्या पेटीत एकशे बारा पत्रं आहेत, सगळी त्याच बेटावरून आलेली आणि मराठीत लिहिलेली. बहुतेक माझ्या सख्ख्या मामांची, शेवटची काही मामेभावाची. पाठवणाऱ्याचा पत्ता सगळ्यांवर एकच: लक्ष्मीनगर, कॅम्पबेल बे, ग्रेट निकोबार, ७४४३०२.

मीही लक्ष्मीनगरातच राहतो, पण नागपूरच्या. आम्ही १९८३ साली अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधून इथे राहायला आलो आणि आईने नवा पत्ता कळवला, तेव्हा मामांचं उत्तर आलं होतं: "आक्का, आता आपण एकाच गावात राहतो, मधे फक्त समुद्र आहे." मी डाक खात्यात सॉर्टिंगला ३४ वर्षं काम केलं. देशभरातल्या गावांची नावं रोज हाताखालून जात. आमच्या घरची सोडून कॅम्पबेल बेची दुसरी टपाल मी फार क्वचित पाहिली.

मराठी माणसं तिथे कशी गेली, हे आपल्या मजकुरात नव्हतं, म्हणून सांगतो. १९६९ ते १९८० या काळात केंद्र सरकारने सुमारे ३३० माजी सैनिकांची कुटुंबं ग्रेट निकोबारवर नेऊन वसवली. पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तामिळनाडू, कर्नाटक, आंध्र अशा राज्यांतली. आपण शाळेत कन्याकुमारीला देशाचं टोक म्हणतो. खरं टोक या बेटावर आहे, इंदिरा पॉइंट. तिथून सुमात्रा जवळ, आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जगभरची जहाजं समोरून जातात. अशा जागी आपली माणसं राहावीत, असं सरकारला वाटलं. पूर्व किनाऱ्याने एक रस्ता काढला आणि त्याच्या कडेला गावं बसवली: गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर. यांतली तीन-चार नावं नागपूरकरांनाही रोजची आहेत.

मामा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात ते नुकतेच सुटून घरी आले होते. बैल विकले होते, विहिरीच्या तळाशी चिखलसुद्धा उरला नव्हता, आणि हा शिकलेला, लढलेला माणूस बायकोबरोबर खडी फोडायला जात होता. जमीन मिळेल आणि पाऊस भरपूर आहे, एवढं कळल्यावर त्यांनी अर्ज केला. १९७४ साली मामा-मामी आणि तीन वर्षांचा माझा मामेभाऊ जहाजात बसले. आजीने मामींच्या ओटीत गावच्या मातीचं गाठोडं घातलं होतं. ते पुढे तीस वर्षं तिथल्या देव्हाऱ्याखाली होतं.

पहिलं पत्र आईला आलं ते असं आहे: "आक्का, इथं पाऊस थांबत नाही. आपण ज्याच्यासाठी आभाळाकडं बघत होतो ते सगळं इथं पडतंय. कापडं वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही. तुझी भावजय दोनदा हिवतापानं पडली. पण माती काळी आहे आणि जे टोचावं ते उगवतंय." पत्राच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी जमिनीच्या तुकड्याचा नंबर आणि ताबा मिळाल्याची तारीख लिहिली होती. शिपाईगड्याची सवय, दुसरं काय. या कोपऱ्याबद्दल पुढे लिहायचं आहे.

नारळ लावला की फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर भाजीपाला, थोडा भात, रस्त्याच्या कामावर मजुरी. मच्छरदाणीशिवाय झोपलं की ताप ठरलेला. नारळ लागले तेव्हा माकडं आली. तिथलं माकड लांब शेपटीचं, समुद्रकाठी खेकडे पकडून खाणारं, आणि कोवळ्या नारळावर त्याचा फार जीव. मामांच्या पत्रांत पाकिस्तानपेक्षा माकडांशी झालेल्या लढाया जास्त आहेत. पुढे सुपारी लावली, खोबरं वाळवून विकू लागले. अजूनही इतवारीत सुपारीच्या दुकानावरून गेलो की तो ओलसर वास नाकात शिरतो आणि मी क्षणभर थांबतो.

१९९० च्या डिसेंबरअखेर मी आईला घेऊन तिथे गेलो. सोळा वर्षांत तिने भावाला पाहिलं नव्हतं. जीटी एक्स्प्रेसने मद्रास, तिथून तीन दिवस जहाजाने पोर्ट ब्लेअर, तिथे पुढच्या जहाजासाठी सहा दिवस मुक्काम, मग पुन्हा जहाज. हट बे सोडलं की टेन डिग्री चॅनल लागतो, अंदमान आणि निकोबार यांच्यामधला समुद्राचा पट्टा. तिथे समुद्र असा उसळला की आई पाटी धरून 'विठ्ठला' म्हणत बसून राहिली. कार निकोबार, मग कामोर्टा, आणि शेवटी कॅम्पबेल बे. पोर्ट ब्लेअरपासून पाचशे किलोमीटरच्या वर. आंबिया बहाराची शेवटची संत्री आम्ही पेटीभर घेतली होती. धक्क्यावर मामा उभे होते. आईने आधी संत्री दिली, मग रडली.

लक्ष्मीनगर मी पाहिलं ते असं होतं. एका बाजूला समुद्र, मधे रस्ता, रस्त्याला लागून ओळीने लाकडी भिंतींची आणि पत्र्याच्या छपरांची घरं, मागे नारळाची बाग, आणि बाग संपते तिथून लगेच चढ आणि जंगल. पेठ नाही, चावडी नाही, वेस नाही. शेजारी सरदारजी, पलीकडे एक मल्याळी सुभेदार, त्यापुढे तामिळ कुटुंब. मुलं आपसात हिंदी बोलत. माझा मामेभाऊ आईशी माणदेशी बोलायचा आणि मित्र हाक मारायला आला की एका श्वासात हिंदीवर जायचा. ज्वारी तिथे पोचत नसे. मामी तांदळाच्या पिठाची भाकरी थापायच्या आणि ओल्या खोबऱ्याचा, हिरव्या मिरचीचा ठेचा करायच्या. गणपती ओढ्याच्या मातीचा, गावातच घडवलेला, आणि आरतीला सगळी राज्यं हजर. मामींनी सरदारणीला पुरण शिकवलं होतं, तिने मामींना मासे तळायला. माझी आई पंधरा दिवस मासे खाणाऱ्यांच्या घरात राहिली आणि एका शब्दाने बोलली नाही. भावासाठी बाई काय काय सोसते ते मी तिथे पाहिलं.

जंगलाविषयी मला नीट लिहायचं आहे, कारण आपल्या मजकुरात ते फक्त चौरस किलोमीटरमध्ये आलं होतं. आपलं विदर्भातलं रान माझ्या ओळखीचं आहे. साग, मोह, तेंदू, उन्हाळ्यात निष्पर्ण होणारं, फाल्गुनात पळसाने पेटणारं. ते रान दूरवर दिसतं, त्यात ऊन उतरतं. तिथलं जंगल पान झडू देत नाही. मामांबरोबर आत गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि मला हातातल्या घड्याळाचे काटे दिसेनात. झाडांची मुळं भिंतीसारखी, माझ्या डोक्याएवढी उंच, चारी बाजूंनी बुंध्याला टेकू देत उभी. नेचे आपल्याकडे कुंडीत लावतात, तिथे त्यांची झाडं होतात, माडासारखी. नदीच्या खाऱ्या पाण्यात खोड नसलेले ताडाच्या जातीचे झाप उभे असतात. वर्षाला नागपूरच्या तिप्पट पाऊस त्या जंगलात पडतो आणि ओढ्याचं पाणी तरीही काचेसारखं, कारण माती मुळांनी धरून ठेवलेली.

मामांनी मला वाळू आणि पालापाचोळ्याचा एक ढीग दाखवला, आपल्या शेणाच्या उकिरड्याएवढा. तो एका पक्ष्याचा होता, मेगापोड. कोंबडीएवढा पक्षी, पण अंडी उबवायला बसत नाही. ढिगात अंडी पुरतो, पाला कुजतो, त्याच्या उष्णतेने पिल्लं बाहेर येतात. मामा म्हणाले, "ह्याला कुणी शिकवलं असंल रे?" आणि टोपी काढून उभे राहिले. मग गलाथिया नदीच्या मुखाशी आम्ही रात्री गेलो, वनखात्याच्या माणसांबरोबर. भरतीच्या सुमारास एक कासवीण वर आली, लेदरबॅक म्हणतात ती. आमच्या घरातल्या पलंगावर मावली नसती एवढी. तिने मागच्या पायांनी खड्डा खणला, इतक्या हळुवारपणे की माझ्या आईने डोक्यावरचा पदर सारखा केला, एखाद्या बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यासारखा. अंडी घालून, वाळू ओढून, ती परत गेली. कुणी एक शब्द बोललं नाही.

याच गलाथियाच्या मुखावर आता बंदर व्हायचं आहे.

त्या जंगलात शोंपेन हे बेटाचे मूळ आदिवासी लोक राहतात. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या २२९ होती. आम्हाला कुणी दिसलं नाही आणि आम्ही पाहायला गेलोही नाही. मामांचा त्याबाबतचा नियम साधा होता: जंगलात ते समोर आले तर वाट त्यांना सोडायची, कारण वाट त्यांची आहे. किनाऱ्यावर निकोबारी लोकांची गावं होती, दक्षिणेला चिंगेन. केवड्याच्या जातीच्या एका झाडाच्या भल्या मोठ्या फळाचा लगदा शिजवून ते लोक जेवतात. मामांना त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने होडी वल्हवायला शिकवलं होतं. "आपण इथं पाहुणे," मामा म्हणायचे, आणि हे ते सोळा वर्षं जमीन कसल्यावर म्हणत होते.

मामा १९९७ मध्ये गेले. त्यानंतर पत्रं मामेभाऊ लिहू लागला, वर्षातून दोन-तीन.

२६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास तिथे जमीन हलली. भूकंपाचं केंद्र सुमात्राच्या पश्चिमेला, या बेटापासून फार लांब नाही. मामी अंगणात सडा घालत होत्या. उभं राहता येईना म्हणून त्यांनी नारळाच्या झाडाला मिठी मारली. हलणं थांबलं तेव्हा समुद्र मागे गेला होता आणि तळाचे दगड दिसत होते. सरदारजी ओरडले, "पहाड़ पे!" मामेभावाने आईला पाठीवर घेतलं, बायकोने मुलीला, आणि बागेतून वर जंगलात धावले. मागे वळून पाहिलं तेव्हा घर नव्हतं, बाग नव्हती, रस्ता नव्हता. त्याच ओळीतली सात माणसं खाली राहिली. जंगलात त्यांनी चार रात्री काढल्या. रस्ता वाहून गेला होता म्हणून डोंगराच्या कडेकडेने चालत कॅम्पबेल बे गाठलं. नारळाचं पाणी आणि ओढ्याचं पाणी, एवढंच पोटात. ज्या जंगलाला आपण आज आकड्यात मोजतो त्याने त्या चार दिवसांत माझ्या माणसांना सांभाळलं, हे मी विसरू शकत नाही.

इंदिरा पॉइंट त्या दिवशी सव्वाचार मीटर खाली गेला. दीपगृह पाण्यात उभं राहिलं. चिंगेन गाव पुसलं गेलं. आम्ही इथे टीव्हीसमोर बसलो होतो. सगळीकडे नागापट्टिनम आणि पोर्ट ब्लेअर दिसत होतं, कॅम्पबेल बेचं नाव कुणी घेत नव्हतं. आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. ती रोज विचारायची, "आपल्या लक्ष्मीनगरचं काही सांगितलं का?" बाराव्या दिवशी पोर्ट ब्लेअरहून कुणा जवानाने फोन केला: चौघंही आहेत. आईने त्या न पाहिलेल्या मुलाला फोनवरच आशीर्वाद दिला.

पुढची वर्षं पत्र्याच्या निवाऱ्यांत गेली, कॅम्पबेल बेजवळच्या राजीवनगरात. माजी सैनिकांची कुटुंबं आणि वाचलेले निकोबारी, सगळे तिथेच. जमिनीची नुकसानभरपाई आणि नवं घर यांसाठी कागद मागितले गेले. मामांचं डिस्चार्ज बुक, जमिनीचा आदेश, पावत्या, सगळं समुद्रात. एका कार्यालयात मामेभावाला सांगितलं गेलं की तुमचे वडील इथे स्थायिक झाल्याचा पुरावा आणा. ज्यांना सरकारनेच आणून बसवलं त्यांच्या मुलाला. तो फोनवर माझ्याशी बोलताना पहिल्यांदा रडला. त्या रात्री मी ही पेटी उघडली. १९७४ च्या पहिल्या पत्राच्या डाव्या कोपऱ्यात नंबर होता, तारीख होती. पाकिटावर कॅम्पबेल बेचा शिक्का होता, आणि शिक्का वाचायला मला कुणी शिकवायला नको होतं. झेरॉक्स काढून, साक्षांकित करून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. खासगी पत्र पुरावा होत नाही, असं उत्तर आलं. पण त्या नंबर-तारखेवरून तिथल्या एका कारकुनाने जुनं रजिस्टर शोधलं आणि मामांचं नाव सापडलं. घर मिळालं, रस्त्याच्या वरच्या अंगाला. जमिनीचा खालचा तुकडा खाऱ्या पाण्याखाली आहे, तो कायमचा गेला. मामी त्याच घरात २०१६ मध्ये वारल्या.

संपादक महोदय, एका गावाची नोंद दोन हजार किलोमीटरवरच्या एका घरात, पत्र्याच्या पेटीत होती, म्हणून एक कुटुंब वाचलं. बाकीच्यांच्या पेट्या कुठे असतील?

आता आपल्या मजकुराकडे येतो. प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प, नगर. तेव्हा खर्च ७२ हजार कोटी सांगितला होता. सुमारे ९०० चौरस किलोमीटरच्या बेटावर १६६ चौरस किलोमीटरचा प्रकल्प, त्यातलं १३० जंगल. तोडायची झाडं साडेनऊ लाखांवर, हा सरकारचाच अंदाज. बदल्यात झाडं लावायला हरियाणातली जमीन दाखवली आहे. मी दोन्ही प्रकारचं रान पाहिलेला माणूस आहे. माणच्या माळावर शंभर वर्षं खपलात तरी लक्ष्मीनगरमागचं जंगल तिथे उभं राहणार नाही, हरियाणातही नाही. मेगापोडचा ढीग ट्रकमधून नेता येत नाही.

देशाच्या संरक्षणाचा मुद्दा मला कळतो. माझे मामा त्यासाठीच तिथे गेले आणि तिथेच त्यांची राख झाली. २०१२ पासून तिथे नौदलाचा तळही आहे, आणि त्याबद्दल गावात कुणी कधी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. माझं म्हणणं असं आहे की तिथे राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय तिथलं काही ठरू नये. विमानतळ गांधीनगर-शास्त्रीनगरच्या बाजूला येणार आहे, म्हणजे ज्यांना एकदा सरकारने आणलं, एकदा समुद्राने उठवलं, त्यांनी आता पुन्हा उठायचं. चिंगेनचे निकोबारी लोक २००४ पासून आपल्या जुन्या गावी परत जाऊ द्या म्हणत आहेत. त्यांच्या आदिवासी परिषदेने दिलेली संमती नोव्हेंबर २०२२ मध्ये परत घेतली. आपल्या पानभर मजकुरात हे एका ओळीतही नव्हतं. शोंपेनांना तर विचारणार कोण आणि कोणत्या भाषेत?

माझ्या मामेभावाची मुलगी आता तिशीत आहे, तिकडेच असते. मराठी बोलते, पण आमच्या सातारकडचे शब्द हिंदीच्या चालीवर. गेल्या महिन्यात तिने फोनवर विचारलं, "काका, आजोबांनी घर बांधलं, बाबांनी बांधलं. आता मी कुठे बांधू?" मी तिला काय सांगणार होतो? 'पेपरवाल्यांना लिहितो' एवढंच म्हणालो, आणि म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझ्या दोन विनंत्या आहेत. 'निर्जन' हा शब्द आपण पुढच्या अंकात दुरुस्त करावा. शोंपेन, निकोबारी आणि आम्ही नंतर आलेले धरून बेटावर आठेक हजार माणसं आहेत आणि त्यांच्या गावांना नावं आहेत. दुसरी मोठी आहे: आपल्या पेपरचा एक मराठी माणूस तिथे पाठवा. खर्चाचं काम आहे, जहाजासाठी थांबावं लागेल, हे जाणतो. पण त्या सहा गावांतली पहिल्या पिढीची माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. कोण कुठल्या तालुक्यातून आलं, पहिलं झाड कुणी लावलं, २६ डिसेंबरला कोण गेलं, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या. विमानतळ झाल्यावर हे विचारायला जागाच उरणार नाही.

तोवर मामांची पत्रं पाहायची असतील तर कुणालाही पाठवा, मी सकाळी दहानंतर घरी असतो. पेटी घराबाहेर देणार नाही, इथेच बसून वाचावी लागतील. १९७४ ते ७६ ची पत्रं तिकडच्या दमट हवेत लिहिलेली असल्याने शाई पसरली आहे. ती खिडकीजवळ, उजेडात धरली की लागतात.

आपला,
एक निवृत्त डाक कर्मचारी
लक्ष्मीनगर, नागपूर ४४००२२